लॉख नेच्या काठचा भुंगेरा अलास्कातही कसा?

मेधा_बेलफास्ट
लॉख ने या उत्तर आयर्लंडमधल्या सरोवराच्या काठी ओला दगड उचलला की एक काळपट, तांबूस झाक असलेला भुंगेरा पळत सुटतो. जेमतेम सेंटीमीटरभर, पाठीवर ओळीने खळगे. इथल्या जाणकारांनी पेलोफिला बोरिअॅलिस हे नाव सांगितलं. नकाशात बघते तर आयर्लंड, ऑर्कनी, शेटलंड, नॉर्वे, सायबेरिया आणि थेट अलास्का! दक्षिण इंग्लंड मात्र कोरं. एवढासा जीव तिकडे पोचला कसा?

जुना_प्राणिशास्त्रवाला
मेधाताई, प्रश्न फार आवडला. पेलोफिला या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, दोनच जाती. दुसरी, रुडिस, उत्तर अमेरिकेत. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली गेला होता, त्यामुळे सायबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले होते. ते कोडं तिथेच सुटतं.

इंग्लंडचं उत्तर मातीत मिळतं. बर्मिंगहॅम विद्यापीठातले संशोधक रसेल कूप यांनी तिथल्या जुन्या गाळातून भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचं वेचून काढली. त्यांत डायाकिला आर्क्टिका सापडला. तोही थंडीतला जमिनीवरचा भुंगेरा, आज ब्रिटनमधून नाहीसा, स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला मात्र आहे. हवामान उबदार होत गेलं तसे हे जीव उत्तरेकडे सरकले. मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्या कवचांवरचे खळगे आणि रेघा आजच्या भुंगेऱ्यांशी तंतोतंत जुळतात.

शंतनू_क
पण सर, हिमयुगात आयर्लंडच बर्फाखाली होतं ना?

जुना_प्राणिशास्त्रवाला
बरोबर, बहुतेक सगळं. म्हणून मेधाताईंचा भुंगेरा तिथे बर्फ हटल्यावरच आला असणार. आणि थंडी सोसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. हिवाळ्यात काठची माती गोठते, वर बर्फाचा थर बसतो, खाली हवा उरत नाही. १९७३ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी हे भुंगेरे शून्य अंशावर प्राणवायूविना ठेवले. काही १२७ दिवसांनंतरही जिवंत होते! त्या काळात शरीरात लॅक्टिक आम्ल साचत जातं, तेही ते पचवतात. मी वर्गात हे शिकवताना दरवेळी थांबून पुन्हा सांगायचो.

मेधा_बेलफास्ट
बापरे! मग शोधायचे कसे? सारखे दगड उलथायला नको वाटतं.

जुना_प्राणिशास्त्रवाला
काठच्या चिखलावर हाताने पाणी मारा, लपलेले वर येतात. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा, खळगे नीट आले पाहिजेत. तारीख आणि नेमकी जागा लिहून स्थानिक नोंदवहीत द्या. दगड उचललाच तर होता तसाच परत ठेवा.