मदत हवी आहे: खेळणं थांबवून कोच व्हायचंय, आधी लायसन्स की आधी पोरं?

मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतोय. पंधरा वर्षं तालमीच्या संघातनं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळला. आता उजवा गुडघा बोलतोय. मॅचवरनं आला की रुमालात बर्फाचे खडे गुंडाळून पायरीवर बसतो, अन् आई आतनं ऐकवत असते. पेठेतली पोरं शिकवायला घे, असं मंडळ म्हणतंय. तो म्हणतो, "मी खेळलोय की, मला कशाला कोर्स?"

माझा लेक आईस हॉकीचा नादखुळा (कोल्हापुरात बर्फ फक्त गोळ्यावर, पण असो). त्यानं काकाला दोन नावं ऐकवली. वेन ग्रेट्झकी, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आईस हॉकी लीगमध्ये ८९४ गोल. २००५ ते २००९ फिनिक्सचा कोच होता, पण संघ एकदाही प्लेऑफला गेला नाही. दुसरा रॉड ब्रिंडामोर. २००६ ला कॅरोलिनाचा कॅप्टन म्हणून त्याच लीगचा स्टॅनले कप उचलला, तरी २०११ पासून सात वर्षं त्याच संघात सहायक कोच राहिला. २०१८ ला मुख्य कोच, २०२१ ला उत्कृष्ट कोचचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार. मला हा दुसरा रस्ता पटतो. भाऊ नुसता हसला.

तर, एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) कोचिंगचं डी लायसन्स कुणी केलंय का? प्रात्यक्षिकात किती पळावं लागतं? गुडघ्याचं काय? आणि आपल्याकडं एखाद्या जुन्या कोचच्या हाताखाली वर्षभर राहता येईल का? फी नाही मिळाली तरी चालंल.