शब्दचर्चा: अंतर्वासी बुरशी, परजीवी आणि जैवसक्रिय

जुळे सोलापूर
बीएस्सीच्या मुलांसाठी मराठीत टिपण काढतेय. सदाफुलीच्या निरोगी पानाच्या आत राहणाऱ्या ‘एंडोफायटिक’ बुरशीला एका ठिकाणी ‘परजीवी’ म्हटलंय, दुसरीकडे ‘अंतःपादप कवक’. कोणता शब्द घ्यावा? आणि ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ला ‘औषधी’ चालेल का?

होटगी रोड
ताई, ‘परजीवी’ नको. परजीवी म्हटलं की नुकसान आलंच. ही बुरशी पेशींच्या मधल्या फटींत राहते आणि पान हिरवंगार असतं. ‘अंतःपादप’ही मला पटत नाही, कारण पादप म्हणजे वनस्पती आणि बुरशी वनस्पती नव्हे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६६ मध्ये मूळ संज्ञा वापरली, तेव्हा बुरशीची गणना वनस्पतींतच व्हायची. आज ‘अंतर्वासी बुरशी’ म्हणावं.

मंगळवेढा
मग ज्वारीवर येणारी काणी ही बुरशी कशात धरायची? तीही आतच असते की. बियाण्याबरोबर येते, रोपात शिरते, ताट चांगलं दिसतं. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी निघते तेव्हा कळतं. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळतो आम्ही.

होटगी रोड
दादा, नेमकं बोट ठेवलंत. नुसत्या जागेवरून ठरवलं तर काणीही अंतर्वासी ठरेल. पण ती शेवटी दाणा खाते, म्हणून परजीवीच. व्याख्येत ‘रोगाची लक्षणं न दाखवता’ हे शब्द हवेतच. तरी सीमा पक्की नाही. पाण्याचा ताण पडला की काही अंतर्वासी बुरश्या रोग करू लागतात.

जुळे सोलापूर
बुरशी आतलीच आहे, पानावर बसलेली धूळ नाही, हे मुलांना कसं दाखवायचं?

होटगी रोड
पान आधी ७० टक्के अल्कोहोलमधून, मग सोडियम हायपोक्लोराइटमधून काढा आणि निर्जंतुक पाण्याने धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी आगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) वेगळ्या प्लेटवर ओता. ती कोरी राहिली तरच प्रयोग खरा. मग पानाचे तुकडे आगरवर ठेवले की कापलेल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर येतात. हे मुलांनी डोळ्यांनी पाहावंच.

आता ‘औषधी’. हा शब्द कृपा करून वापरू नका. जिवाणूंच्या थरावर बुरशीच्या अर्कात भिजवलेली चकती ठेवली आणि भोवती जिवाणू न वाढलेलं मोकळं कडं पडलं, तर तो अर्क ‘जैवसक्रिय’, एवढंच. ते औषध होण्याआधी विषारीपणाच्या, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या असतात. अर्काला ‘संयुग’ही म्हणू नका, अर्क म्हणजे अनेक संयुगांचं मिश्रण.

टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचं उदाहरण द्या. पॅसिफिक यू झाडातली टॅक्सोमायसिस अँड्रियानी ही बुरशी टॅक्सॉल बनवते, असं १९९३ मध्ये जाहीर झालं. प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये होतं, आणि पुढे काही संशोधकांनी त्या निष्कर्षावरच शंका घेतली. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवलेली बुरशी तिचं संयुग बनवणं कमी करते, हीही नेहमीची अडचण.

बार्शी
तरी शोध थांबू नये. आपल्या सह्याद्रीतलं नरक्याचं झाड कॅम्प्टोथेसिनसाठी, म्हणजे कर्करोगाच्या औषधांना लागणाऱ्या संयुगासाठी, किती तोडलं गेलं! त्याच्यातल्या काही अंतर्वासी बुरश्याही ते बनवतात अशा नोंदी आहेत. बुरशीकडून पुरेसं मिळालं तर झाड उभं राहील.

जुळे सोलापूर
टिपणात असं लिहिते: ‘सदाफुलीच्या निरोगी पानातून वेगळ्या केलेल्या अंतर्वासी बुरशीचा अर्क जिवाणूंविरुद्ध जैवसक्रिय आढळला, त्यातलं संयुग अजून ओळखायचं आहे.’

होटगी रोड
बरोबर. फक्त ‘जिवाणूंविरुद्ध’च्या जागी तपासलेल्या जिवाणूचं नाव घाला.