पणजोबा गेले, दुसऱ्या महायुद्धातले होते, त्यांच्याबद्दल काय नि कसं लिहू?

मिलिटरी तात्यांचा पणतू
आमचे तात्या म्हणजे माझे पणजोबा मागच्या महिन्यात गेले, कागदोपत्री वय १०१. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तिथे सगळे त्यांना मिलिटरी तात्याच म्हणायचे. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलंय आणि काम माझ्या गळ्यात पडलंय कारण मराठी टायपिंग येणारा मी एकटाच. अडचण अशी की युद्धाबद्दल ते कधी बोललेच नाहीत, विचारलं की "गेलो, आलो, झालं" एवढंच. ट्रंकेत सहा टोकांचं एक मेडल सापडलंय, फीत लाल-पांढरी-हिरवी, आणि डिस्चार्जचा फाटका कागद, त्यावर १/५ आणि १९४२ ते १९४६ एवढंच वाचता येतंय. नंतर एसटीत ड्रायव्हर, रिटायर झाल्यावर शेती नि शेळ्या. युद्धाची पानं भरायला नेटवरचं काही टाकलं तर चालेल का?

पलटणवाला
भावपूर्ण श्रद्धांजली. अहो मेडलच सगळं सांगतंय की! तो इटली स्टार आहे, फितीत इटलीच्या झेंड्याचेच रंग. बर्माला गेलेल्यांची फीत वेगळी असते, गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ. आणि १/५ पुढे एमएलआय असेल (भिंग लावून बघा) तर पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. ही आठव्या इंडियन डिव्हिजनमधे होती, ४३ च्या शेवटी इटलीतल्या सांग्रो नदीवर लढली, मग ४५ च्या एप्रिलमधे सेनिओ नदी. सेनिओलाच ९ एप्रिलला ह्याच बटालियनच्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, वर जर्मनांच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं. हे सगळं टाका बिनधास्त, लोकांना माहितीच नसतं.

घाटमाथा
टाका पण जपून. तात्या त्या दिवशी सेनिओवर होते की मागे कुठे ट्रक चालवत होते हे कागदावर नाही ना, मग "जाधवांच्या खांद्याला खांदा लावून लढले" वगैरे लिहू नका, पुस्तिकांमधे असले प्रकार फार होतात आणि दहा वर्षांनी तोच इतिहास होऊन बसतो. बटालियन तिथे होती एवढं लिहा, बास.
आणि मला विचाराल तर पलटणीत चारच वर्षं गेली हो, एसटीचं काय? एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, म्हणजे तात्या अगदी सुरवातीच्या ड्रायव्हरांपैकी असू शकतात. ६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, तेव्हा ते कुठल्या रूटवर होते? डेपोतल्या जुन्या कंडक्टरांना आत्ताच गाठा, तीही माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

निवांत
वयाचं पण बघा. तेव्हा भरतीत पोरं वय वाढवून सांगायची आणि साहेब लिहून घ्यायचे, शाळेचा दाखला कोणाकडे होता! आमच्या आजोबांचं पलटणीतलं वय आणि घरातलं वय ह्यात चांगला फरक होता. घरचे काय म्हणतात?

मिलिटरी तात्यांचा पणतू
भिंग लावलं, एमएलआयच आहे!! खूप आभार. वयाचं म्हणाल तर पणजी म्हणते ते ९९ चे होते, आत्या म्हणते १०३, पुस्तिकेत कागदावरचंच टाकतो नाहीतर पंगतीत भांडणं व्हायची.
इटलीवरून आठवलं, तात्या शेळ्या गोठ्यात घेताना मोजायचे तेव्हा उनो, दुए, त्रे असं म्हणायचे. आम्ही भावंडं पण लपाछपीला तसंच मोजायचो, आम्हाला वाटायचं पलटणीतलं काहीतरी असेल. सकाळी शाळेच्या कॉम्प्युटरवर इटालियन आकडे बघितले तर तेच निघाले राव.

घाटमाथा
पुस्तिकेचं पहिलं पान हेच ठेवा. नदीची लढाई नंतर.

पलटणवाला
पणजी आहेत म्हणालात म्हणून सांगतो. युद्धानंतर घरी पाठवलेल्या बहुतेकांची पंधरा वर्षं सर्व्हिस भरलीच नाही त्यामुळे पेन्शन नाही, पण दुसऱ्या महायुद्धातल्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन आहे. तात्यांना मिळत होतं का ते आधी विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मृत्यूचा दाखला, पणजींचं आधार, बँक पासबुक बरोबर ठेवा. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिकडे अर्ज कसा करायचा तेही तिथेच विचारून घ्या. डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स द्या, ओरिजिनल हातातून सोडू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.