सासऱ्यांना स्ट्रोक : फिजिओथेरपी कधीपासून? सल्ला हवा

वैजू_सातारा: सासरे, वय ६८. गेल्या आठवड्यात स्ट्रोक आला. उजवा हात-पाय लुळा पडलाय. समजतं सगळं, पण तोंडातून ‘हो’शिवाय शब्द फुटत नाही. आता वॉर्डात आणलंय. फिजिओ रोज अर्धा तास येतो. सासूबाईंचं म्हणणं, महिनाभर पडू दे त्यांना. आत्याबाई कबुतराच्या रक्ताने मालिश करणारा माणूस आणणार म्हणतायत. काय करू?

निशिगंधा_फिजिओ: महिनाभर अजिबात थांबू नका. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. नुसतं पडून राहिलं की सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. अर्थात घाईही नडते. २०१५ साली ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले, २१०४ रुग्णांचे. २४ तासांच्या आत उठवून भरपूर व्यायाम दिलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी चांगली निघाली. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा, हे मात्र फायद्याचं दिसलं. तुमचे ते २४ तास कधीच उलटले. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर बिनधास्त बसवा.

खरं काम फिजिओ गेल्यावर असतं, आणि ते घरच्यांचं. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. स्नायू सैल पडल्यामुळे खांदा निखळल्यासारखा खाली सरकतो. मग दुखतो, आणि पेशंट व्यायामालाच नाही म्हणतो. बसवलं की हाताखाली उशी हवीच. कसं उठवायचं ते फिजिओसमोर स्वतः करून बघा.

आणखी एक, गिळण्याची तपासणी झालीय का? ठसका न लागताही पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. तोवर मायेने चमचाभर चहासुद्धा नको. कबुतरवाल्याला दारातूनच परत पाठवा. हकनाक जीव जातो बिचाऱ्या पक्ष्याचा.

आबा_पाटील: आमच्या थोरल्या भावाची वाचा अशीच गेली होती. साधं ‘पाणी’ म्हणता येईना, पण आरती सुरू झाली की टाळ्या वाजवत दोन ओळी म्हणायचा! स्पीच थेरपिस्टनी तोच धागा पकडला. पाढे, वारांची नावं, मग घरच्यांची नावं. मुंबईला जायची तयारी असेल तर वाचेसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे, हातापायांसाठी हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था. आणि बहिऱ्याशी बोलल्यासारखं मोठ्याने बोलू नका, चिडतात.

वैजू_सातारा: खूप आभार, निशिगंधाताई, आबा. गिळण्याचं आजच विचारते. दिरांनी पिळायला रबरी चेंडू आणलाय, देऊ का?

निशिगंधा_फिजिओ: आत्ता नको. बोटं आधीच आत वळायला बघतात, उघडणं अवघड असतं. टेबलावर टॉवेल पसरा, त्यावर हात ठेवून पुढे सरकवायला लावा. सुरुवातीला डाव्या हाताचा आधार चालेल. आणि सासूबाईंना उजव्या बाजूला बसवून गप्पा मारायला सांगा, म्हणजे ते तिकडे मान वळवतील.