ढोलकीवर साइडचेन लावणं बंद करा

खालची_थाप, परभणी

जयंती झाली, लग्नसराई चालू आहे, रोज एक नवं रिमिक्स कानावर यायलंय. तक्रार एकच. किक (ड्रमचा खालचा दणका) पडली की अख्खं गाणं खाली बसतं, किक सरली की वर येतं. बेस बसू द्या, सिंथ बसू द्या, त्याला माझी ना नाही. पण ढोलकी, संबळ, हलगी, आणि काही महाभाग तर गायकाचा आवाजसुद्धा एकाच बसमध्ये (एकत्र जोडलेल्या ट्रॅकमध्ये) कोंबून किकला बांधायलेत. कामून?

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेसर एरवी ज्या ट्रॅकवर बसवलाय त्याचाच आवाज मोजतो आणि त्यालाच दाबतो. साइडचेनमध्ये मोजतो एकाला, दाबतो दुसऱ्याला. आकाशवाणीवर निवेदक बोलायला लागला की मागचं संगीत खाली घेतात, तेच काम इथं यंत्र दर ठोक्याला करतं.

आता केरव्यातलं गाणं घ्या. ढोलकीची सम आणि किक एकाच जागी पडतात. वाजवणाऱ्यानं समेची थाप जीव तोडून मारली, अन् बरोबर तिथंच कॉम्प्रेसर तिला ८ डीबी (डेसिबल) खाली ओढतो. उरते नुसती शाईच्या बाजूची टणटण. धुमचा, म्हणजे ढोलकीच्या जाड बाजूचा, आवाज थाप पडल्या पडल्या संपत नाही, तळहाताच्या दाबानं तो वर चढतो, आणि हे चढणं थापेनंतरच्या शे-दोनशे मिलिसेकंदांतच घडतं. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, २५० ठेवला की घुमारा गेलाच म्हणून समजा. मग ढोलकीवाल्याला बोलावलंच कशाला, लूप होताच की.

गाडीवरचा_माणूस, नांदेड

भाऊ, तुम्ही हेडफोन लावून बोलायलात. आमच्या डीजेच्या गाडीवर अठरा इंची बेस असतात, समोर हजार पोरं, अन् जनरेटरचा करंट कधी कमी कधी जास्त. तिथला हिशोब वेगळा आहे.

किकचं वजन ५० ते ७० हर्ट्झला, धुमचं त्याच्या जरा वर, पण शेपट्या एकमेकांत. दोन सारखे आवाज फेज जुळून (लाटा एकाच वेळी वर-खाली होऊन) एकत्र आले की बेरीज ६ डीबीपर्यंत चढते. ॲम्पचा क्लिपचा (आवाज फाटायला लागल्याचा) दिवा लाल. मग लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेपुढं जाऊ न देणारं यंत्र, पकडतो, आणि लिमिटर काही ढोलकीला ओळखत नाही. तो गायक, टाळ, कोरस सगळ्यालाच दाबतो. म्हणजे दबणार तर आहेच. कोण दबणार ते स्टुडिओत बसून मी ठरवायचं का रस्त्यावर लिमिटरनं, एवढाच प्रश्न आहे.

मी ढोलकी ५-६ डीबी दाबतो आणि दाबत राहणार. पोरं किकवर नाचतात, धुमच्या मींडेवर (चढत्या सुरावर) नाही.

खालची_थाप, परभणी

मग किक बारीक करा की! ५५ हर्ट्झला किकची जागा ठरवा, धुमला ९० च्या आसपास मोकळं सोडा, बेसलाइन मध्ये कुठं अडते ते इक्यूनं (आवाजाचा हवा तो पट्टा कमी-जास्त करणाऱ्या यंत्रानं) कापा. वाटणी आधी, भांडण नंतर. तुम्ही लोक वाटणी न करता थेट एकाचं तोंड दाबायलात. त्यातही गंमत अशी की किकचं सॅम्पल कुठल्यातरी पॅकमधलं असतं, ढोलकी मात्र खरी वाजवून घेतलेली. दाबायचं कुणाला, तर खऱ्याला.

पंप_पंप, छत्रपती संभाजीनगर

काका, चूल पेटवून बसलात पण स्वयंपाक वेगळाच आहे. गाणं खालीवर होणं हा दोष नाही, तोच इफेक्ट आहे. नव्वदच्या दशकात फ्रेंच हाऊसवाल्यांनी अख्खं मिक्स मुद्दाम असं श्वास घेतल्यागत वाजवलं, आणि त्याच्यावरच जगभरचे क्लब चालले. आपण जयंतीला केलं की मात्र परंपरा बुडाली.

आणि कॉम्प्रेसर घेऊन बसायचीही गरज राहिली नाही. एलएफओवाला, म्हणजे ठरल्या लयीत आवाज आपोआप खालीवर करणारा, व्हॉल्यूमचा प्लगइन टाका, पाव नोटेचा (एका ठोक्याचा) आकार निवडा, झालं. थ्रेशोल्ड (कधी दाबायचं) नाही, रेशो (किती दाबायचं) नाही, डोक्याला ताप नाही. दोन मिनिटांचं काम.

रीपर_लातूर

पंप भाऊ, ते दोन मिनिटांचं काम क्लिकवर (ठरल्या लयीच्या टिकटिकीवर) बनवलेल्या ट्रॅकला चालतं. आपल्याकडं ढोलकी बऱ्याचदा क्लिकशिवाय घेतलेली असते, किंवा जुन्या कॅसेटच्या गाण्यावर रिमिक्स असतं. तिथं लय ९८ वरून सुरू होते अन् शेवटच्या कडव्यात १०३ वर गेलेली असते. सॉफ्टवेअरच्या घड्याळाला बांधलेला एलएफओ आपल्या चालीनं खालीवर होत राहतो, गाणं पुढं निघून जातं. पहिलं कडवं बरं वाटतं, तिसऱ्यात दोन माणसं वेगवेगळा ताल धरून बसल्यागत. दादऱ्याच्या गाण्यात तर विचारूच नका. तीन-तीन मात्रांच्या चालीवर पाव नोटेचा झोका बसवला की सगळं लंगडतं. खरा साइडचेन निदान जो ठोका पडला त्याच्याच मागं जातो.

आता मूळ भांडणाबद्दल. दोघंही पूर्ण आवाज दाबायचा का नाही यावरच अडलात. भांडण १२० हर्ट्झच्या खालचं आहे, तर दाबा तेवढंच. ढोलकीच्या ट्रॅकची नक्कल काढा. एकावर लो-पास (फक्त खालचा आवाज जाऊ देणारा), दुसऱ्यावर हाय-पास (फक्त वरचा), दोन्हीला तोच आकडा, तोच उतार. कॉम्प्रेसर फक्त खालच्या ट्रॅकला. शाई, बोटं, लग्गीची टिकटिक, सगळं शाबूत राहतं. जोडावर फेजमुळं थोडा खड्डा पडू शकतो, तो कानानं तपासा.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किकच्या ट्रॅकवरून ढोलकीच्या खालच्या ट्रॅकला सेंड द्या, चॅनल ३/४ वर. मग रीआकॉम्प या त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी करा. एफएल स्टुडिओ वापरत असाल तर किकचा मिक्सर ट्रॅक निवडून दुसऱ्या ट्रॅकखालच्या बाणावर राइट क्लिक, तिथं साइडचेनचा पर्याय येतो. पुढं फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प भागात साइडचेनचा आकडा १ करा. तो आकडा विसरून प्लगइन बिघडलाय म्हणणारे लै भेटतात.

रेशो ३, अटॅक (दाब सुरू व्हायचा वेळ) २-३ मिलिसेकंद, रिलीज ८० च्या आसपास, रिडक्शन (एकूण दाब) ३-४ डीबी. रिलीज एकदम ५-१० वर नेऊ नका. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. कॉम्प्रेसर लाटेच्या आतच दाबायला-सोडायला लागला की बेस खरखरतो. लोक म्हणतात स्पीकर फाटला. स्पीकर ठणठणीत असतो.

पंप_पंप, छत्रपती संभाजीनगर

दादऱ्याचं मान्य. बाकी मी माझ्या मतावर ठाम.

संबळ_घराणं, तुळजापूरकडून

मला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, आमचं घर गोंधळाचं. पण या विषयावर बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आम्हाला रेकॉर्डिंगला बोलावतात. एका ठिकाणी सकाळी गेलो, संबळ ताणून सुरात आणायला वेळ गेला, सोबतचा हलगीवाला बाहेर अंगणात पाचट पेटवून हलगी शेकत बसला, कारण खोलीत एसी आणि कातडं ढिलं पडायलं. पैसे ठरल्याप्रमाणे दिले, चहापाणी झालं, त्याबद्दल तक्रार नाही. महिन्यानं गाणं आलं. त्यात आमची वाद्यं दोन किकच्या मधल्या फटीतून डोकावायलेली. घरचे विचारायले, तुमचं कुठंय?

त्या मिक्सिंग करणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, मामा, ते साइडचेन असतंय, आजकाल असंच असतंय. हे उत्तर मला पटलं नाही. गोंधळात संबळानं आवाज दिला की गाणारा त्याच्यावर चालतो. इथं संबळच कुणाच्यातरी परवानगीनं वाजायलं.

गाडीवरचा_माणूस, नांदेड

मामा, तुमचं दुःख खरं, पण सगळं साइडचेनच्या माथी मारू नका. तुम्हाला सगळ्यांना एकाच माइकवर बसवलं होतं का? तसं असेल तर संबळ दाबलं की हलगी, तुणतुणं सगळंच दबणार. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक असता तर त्याला हवं तेवढंच दाबता आलं असतं.

संबळ_घराणं, तुळजापूरकडून

दोन माइक होते. एक गाणाऱ्याला, एक आम्हा बाकीच्यांना.

गाडीवरचा_माणूस, नांदेड

झालं मग.

खालची_थाप, परभणी

झालं कसं? एकाच माइकवर चार वाद्यं आहेत हे माहीत असून त्याच्यावर साइडचेन लावणारा माणूस कोण? चूक तिथंच आहे. माझं म्हणणं हेच की हात सवयीनं जातो. प्रोजेक्ट उघडलं की आधी टेम्पलेट, टेम्पलेटमध्ये साइडचेन आधीच जोडलेलं, वाद्य कोणतं आलंय ते नंतर बघायचं.

शांतता_राखा, उदगीर

दबायचंच तर सगळंच दाबा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, असं २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात लिहिलंय. आमच्या गल्लीतून गाडी गेली की खिडकीच्या काचा तुमच्या किकला साइडचेन होतात.

रीपर_लातूर

😂 विषय वेगळा, पण काचांचं खरंय.

गाडीवरचा_माणूस, नांदेड

उदगीरवाले, तुमच्याशी वाद नाही. उलट साइडचेननं फायदाच आहे. किकला जागा मिळाली की तीच किक मास्टर न वाढवता ठसठशीत लागते. वाढवणारे तरी वाढवतात, ती गोष्ट वेगळी.

लातूरवाल्यांची १२० च्या खालची युक्ती काल करून बघितली. घरच्या मॉनिटर स्पीकरवर ढोलकी छान उघडली, मान्य. पण ३-४ डीबीनं गाडीवर भागणार नाही, तिथं मी खालच्या पट्ट्यात ६ ठेवणार. आणि गायकाचा आवाज किकला बांधायला माझाही विरोध आहे, ते मी कधीच करत नाही. उगं सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

खालची_थाप, परभणी

६ म्हणजे धुम गेलाच की हो! खालच्या पट्ट्यातच तर तो असतो. तुम्ही टणटण वाचवली, घुमारा अजून बळी जायलाय. रिलीज ६०-७० वर आणा, म्हणजे किकची टोकाची धडक तेवढी निघून जाईल आणि चढणारा भाग परत येईल. नाहीतर किकची शेपटीच कापा. १८०-२०० मिलिसेकंद वाजणारी किक कशाला हवी?

गाडीवरचा_माणूस, नांदेड

शेपटी कापली की उघड्या मैदानात किक टिचकीसारखी लागते. नाही जमणार.

खालची_थाप, परभणी

माझ्याकडं केरव्यातल्या एका गाण्याची ढोलकी वेगळ्या ट्रॅकवर आहे, माझ्याच मित्राची, त्याची हरकत नाही. किक अन् बेससकट पाठवतो. तुम्ही ६ डीबीवालं करा, लातूरवाले ३ वालं करतील, मी शेपटी कापून बिनसाइडचेनचं करतो. तिन्हींचा आवाज एकसारखा जुळवून द्या, नाहीतर जो मोठा वाजला तोच चांगला वाटतो. आणि तुमच्याच गाडीवर लावा, मी नांदेडला येतो ऐकायला. मामा, तुम्हीही या.

गाडीवरचा_माणूस, नांदेड

या. रविवारी गाडी गोडाऊनलाच असते, दुपारी चारच्या आत लावू, नंतर शेजारी ओरडतात. फाइली २४ बिट वेव्हमध्ये द्या, अन् व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून टाका. मागच्या वेळी एकानं व्हॉइस नोट पाठवली होती.