विषय: ‘हाऊ आर यू’ झालं, आता पुढे काय?

प्रेषक: स्नेहल, टार्नीट
मंगळवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मराठी मंडळाच्या ईमेल यादीवर पहिल्यांदाच लिहितेय. मेलबर्नला येऊन वर्ष होत आलं. मूळची जळगावची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. आमच्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून. २००० साली ते पहिलीपासून सुरू झालं, तोवर आम्ही पुढच्या वर्गात गेलेलो. तरी वाचता सगळं येतं. लेकीच्या किंडरची (बालवाडीची) पत्रं, बँकेचे कागद, कौन्सिलची नोटीस, कशात अडत नाही. समोरचा फार भरभर बोलला नाही तर कळतंही. अडतं ते माझी बोलायची पाळी आली की.

सकाळी लेकीला सोडायला जाते तेव्हा किंडरच्या फाटकाशी आठ-दहा आया उभ्या असतात. ‘हाय, हाऊ आर यू?’ ‘गुड, थँक्स.’ एवढं होतं आणि मी फोन काढते. त्यांचं काहीतरी चालू असतं, हसणं-खिदळणं, कुणीतरी कुणाकडे जायचं ठरवतं. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. काय बोलायला हवं होतं ते घरी भांडी घासताना सुचतं.

नवरा म्हणतो, क्लास लाव. क्लासने व्याकरण सुधारेल, पण मैत्रीचं काय? मंडळात आलं की माहेरी आल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गणपती आणि संक्रांत यांच्या मध्ये पुष्कळ मंगळवार येतात. तुम्ही सगळ्यांनी कसं केलंत?

स्नेहल


प्रेषक: अविनाश, पॉइंट कुक
बुधवार, सकाळी ११:०५

स्नेहल, यादीवर स्वागत!

फार विचार करू नका. टीव्हीवर बातम्या लावून ठेवा, सबटायटल्स चालू ठेवून. कान आपोआप तयार होतो. बाकी इथली माणसं सगळ्यांशी गोड बोलतात आणि घरी कुणाला बोलावत नाहीत, असा माझा अनुभव. आपल्याला माणसांची काय वानवा? मंडळ आहे, तुमच्याच भागात व्हॉट्सॲपचे तीन-चार ग्रुप आहेत. इंग्रजी कामापुरतं आलं की झालं.

अविनाश


प्रेषक: शुभदा, ग्लेन वेव्हर्ली
बुधवार, रात्री ९:३०

अविनाश, हे तू सकाळी अकराला ऑफिसातून लिहितोयस. तुला दिवसाचे आठ तास इंग्रजी बोलण्याचा पगार मिळतो. स्नेहलला बोलायला माणूस फुकटातही मिळत नाही. तिची अडचण ती आहे.

स्नेहल, वयाने बरीच मोठी आहे म्हणून ‘तू’च म्हणते. आधी क्लासचं सांगते. सरकारचा ‘अडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्राम’ आहे, सगळे त्याला एएमईपी म्हणतात. युद्धानंतर युरोपातून माणसं बोटी भरभरून आली, त्यांच्यासाठी १९४८ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. पूर्वी ५१० तासांपर्यंतच शिकता यायचं, ती मर्यादा २०२१ मध्ये काढून टाकली. पीआर (कायमचं राहायची परवानगी) किंवा पार्टनर व्हिसा असेल तर फी नाही, आणि शाळेत न जाणारी लहान मुलं असतील तर तेवढा वेळ त्यांना सांभाळायचीही सोय करतात. आधी चाचणी घेतात आणि त्यावरून तुला घ्यायचं की नाही, कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरतं. वाचन-लेखन चांगलं आहे म्हणून आपणच घरी बसून ‘मला नाही मिळायचं’ ठरवू नकोस. बोलणं वेगळं तपासतात.

पण क्लास मी व्याकरणासाठी सुचवत नाहीये. तिथे शेजारच्या बाकावर कोण बसतं ते बघ. माझ्या शेजारी व्हिएतनामची एक बाई होती. दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं. ती काळ चुकवायची, मी ‘द’ खायचे, आणि कुणाला कुणाची लाज नव्हती. भाज्यांचे भाव, सासू, मुलांचे पडणारे दात, घरमालक, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री उभी राहिली आणि इंग्रजी तिच्या पाठोपाठ आलं. आपल्या डोक्यात असतं की इंग्रजी बोलायचं ते गोऱ्या माणसाशी. अगं, या शहरात सुमारे एक तृतीयांश लोक घरी इंग्रजी सोडून दुसरीच भाषा बोलतात. २०२१ च्या जनगणनेतच आहे ते. तुझी इंग्रजीतली पहिली जिवाभावाची मैत्रीण अफगाण किंवा चिनी निघण्याची शक्यता जास्त.

आता ते फाटक. उभ्या घोळक्यात मध्येच शिरणं हे सगळ्यात अवघड काम. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही ते जमतंच असं नाही. तिथून सुरुवात करूच नकोस. पाच मिनिटं आधी जा. कुणीतरी एकटीच असेल, तिला असं काहीतरी विचार जे तिला नक्की माहीत असणार आणि तुला खरंच हवंय. ‘उद्याच्या एक्सकर्शनला डबा द्यायचा का?’ ‘टोपी किंडरची लागते की कुठलीही चालते?’ हवामानावर दोन वाक्यांत संपतं, टोपीवरून गाडी दुकानापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी ‘टोपी मिळाली’ एवढं सांगायला तू तिच्याकडे जाऊ शकतेस. बोलण्याचं निमित्त तयार असतं.

आणि किंडरची ‘वर्किंग बी’ असेल तेव्हा नाव दे. शनिवारी-रविवारी सकाळी पालक जमून वाळूचा हौद साफ करतात, तण उपटतात, कुंपण रंगवतात. तिथे गप्पा मारायला कुणी आलेलं नसतं, म्हणून गप्पा होतात. तुझे हात मातीत, नजर खाली, वाक्य जुळवायला हवा तेवढा वेळ. मधले गप्प क्षण कुणाला टोचत नाहीत. फाटकाशी तेच गप्प राहणं अंगावर येतं.

जवळचं ‘नेबरहूड हाऊस’ही शोध. व्हिक्टोरियात ती चारशेच्या आसपास आहेत. शिवण, बागकाम, एकत्र जेवण, इंग्रजी संभाषणाचे गट, काय काय चालतं. एकच काहीतरी निवड आणि दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच खुर्चीत जाऊन बस. पाच ठिकाणी एकेकदा गेलीस तर पाच ठिकाणी ‘हाऊ आर यू’च होईल.

शुभदा


प्रेषक: विनायक, बेरिक
गुरुवार, दुपारी ४:२०

शुभदाताईंना माझा शंभर टक्के दुजोरा.

मी इचलकरंजीचा. मागाचे सुटे भाग करायच्या वर्कशॉपात जन्म गेला. मुलानं इकडं आणलं. सुरुवातीला खिडकीत बसून कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते पाठ करायचो, दुसरा उद्योगच न्हवता. सुनेनं एक दिवस मेन्स शेडला नेऊन सोडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रिटायर माणसांनी जमून लाकूडकाम, लोखंडकाम करायची जागा. या देशात अशी शेडं हजाराच्या वर आहेत. त्यांचं ब्रीदच हे की बाप्ये समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. आपल्या वर्कशॉपात तरी दुसरं काय होतं?

पहिल्या दिवशी एकजण बँडसॉवर खेळण्यातल्या ट्रकचे तुकडे कापत होता. पट्टी ढिली होती, आवाजावरनंच कळलं. मी म्हटलं, ‘ब्लेड लूज.’ दोन शब्द. त्यानं मशीन बंद केलं, मला जागा दिली, मी ताण धरून दिला. चहाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, कुठं काम केलंस? मला ‘पॉवरलूम’ पुरतं, पुढं काही येईना. मी हातानं धोटा फेकून दाखवला, खटक-खटक आवाज काढला. चार म्हातारे गोळा झाले. त्यातल्या एकाची आई मँचेस्टरजवळच्या गिरणीत होती. झालं. त्या दिवसापासनं गुरुवार माझा.

ऐंशीच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला लई जड जातं. मी सगळ्यांना ‘सर’ म्हणायचो, तर मलाच ‘सर’ म्हणून चिडवायला लागले. आता नावानंच मारतो हाक. मनात ‘राव’ लावतो.

व्याकरण अजून हाय तिथंच हाय.

विनायक


प्रेषक: केतकी, क्लेटन
गुरुवार, रात्री ११:४५

सगळं पटलं, पण थोडी दुसरी बाजू. मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीचं काम करते, दिवसभर बोलणं हाच माझा धंदा.

एक तर स्नेहल, सगळा भार स्वतःवर घेऊ नकोस. तू सगळं बरोबर केलंस तरी काही जणी ‘हाय’च्या पुढे जाणार नाहीत. त्यांची माणसं शाळेपासूनची आहेत, त्यांच्याकडे जागा नाही, इंग्रजीचा काही संबंध नाही. आणि आपणही फार वेगळे नाही हो. आमच्या शाळेच्या फाटकाशी आम्ही सहा मराठी बायका गोल करून उभ्या असायचो. त्या गोलात शिरायची कुठल्या कोलंबियाच्या बाईची टाप होती?

बोलणं सुरू कसं करायचं हे सगळे शिकवतात, संपवायचं कसं हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे दारात चप्पल घालूनही अर्धा तास होतो. इथे निघायचं ठरलेलं वाक्य असतं: ‘एनीवे, आय बेटर गेट गोइंग, गुड टू सी यू.’ हे एकदा तोंडात बसलं की सुरुवात करायची भीतीही निम्मी होते, कारण बाहेर पडायची वाट माहीत असते. गाडी सुरू करायची असेल तर सोमवारी ‘वीकेंड कसा गेला’ हा प्रश्न येतोच येतो. ‘गुड’ म्हणून थांबू नकोस. एक खरी गोष्ट तयार ठेव (‘लेकीला घेऊन बीचवर गेलो, वाऱ्याने छत्री उडाली’) आणि लगेच तिला विचार. पगार, वय, ‘दुसरं मूल कधी’ हे आपले नेहमीचे प्रश्न मात्र खूप नंतर. कुत्रा असेल तर कुत्र्याचं नाव आधी विचार, मालकिणीचं मागून.

‘वी मस्ट कॅच अप समटाइम’ म्हणाली तर घरी जाऊन पोहे भिजवू नकोस. वार आणि वेळ ठरेपर्यंत ते आमंत्रण नसतं. मात्र वार-वेळ तू ठरवू शकतेस. ‘शनिवारी दहाला मुलींना घेऊन पार्कात, तासभर?’ जागा बाहेरची आणि शेवट ठरलेला असला की समोरचीला हो म्हणणं सोपं जातं. घरी जेवायला बोलावणं ही आपली पहिली पायरी, इथे बऱ्याच जणांची ती चौथी-पाचवी. अविनाश, तुमचं ‘घरी बोलावत नाहीत’ बहुतेक यातूनच आलंय.

उच्चारांची काळजी करत असशील तर ‘व्ह’ आणि ‘व’ सोड. आपण शब्दाच्या सगळ्या अक्षरांवर सारखा जोर देतो, यांचा कान एका अक्षरावरचा जोर शोधत असतो. ‘डेव्हलप’मध्ये तो ‘व्हे’वर पडतो. आमच्या कामावरच्या आजी-आजोबांना माझं न कळण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असायचं, आणि तेच मला बिनधास्त सुधारायचे. अशी बोलायला आसुसलेली माणसं नर्सिंग होममध्ये खोल्या-खोल्यांतून बसलेली आहेत, भेटायला येणाऱ्या स्वयंसेवकांची वाट बघत. त्यांना वेळच वेळ असतो. तुझं वाक्य जुळेपर्यंत ते थांबतात.

केतकी


प्रेषक: अविनाश, पॉइंट कुक
शुक्रवार, सकाळी ८:५०

शुभदाताई, केतकी, मुद्दा मान्य. पण टीव्हीचा सल्ला अर्धा तरी ठेवतो: बातम्यांऐवजी फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, बघा. हिवाळाभर अख्ख्या शहराला तोच एक विषय असतो आणि फायनलच्या आदल्या शुक्रवारी राज्याला चक्क सुट्टी असते. नियम न कळताही ‘तुम्ही कुठल्या टीमचे?’ एवढं विचारता येतं. उत्तर कधीच एका शब्दात येत नाही, आजोबांपासून सुरू होतं.

तुम्ही टार्नीटच्या, म्हणजे आमच्याच बाजूच्या. आम्ही दोघं शनिवारी पार्करनला जातो. पाच किलोमीटर, पैसे नाहीत, एकदाच नाव नोंदवायचं. चाललं तरी चालतं, शेवटच्या माणसाच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम असतो, त्यामुळे मागे पडायची भीती नाही. नंतर कॉफी. धावणाऱ्यांपेक्षा शेवटी त्यांचे बारकोड स्कॅन करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ओळखी जास्त होतात असं बायकोचं निरीक्षण आहे. तिला स्वयंसेवक म्हणून जोडीदार हवीच आहे.

अविनाश


प्रेषक: स्नेहल, टार्नीट
शुक्रवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. विनायककाका, तुमची मेल सासऱ्यांना वाचून दाखवली, ‘धोटा’ऐवजी त्यांनी ‘शटल’ म्हणून मला दुरुस्त केलं आणि पुन्हा वाचायला लावली. ते पुढच्या महिन्यात व्हिजिटर व्हिसावर येताहेत, एसटीत मेकॅनिक होते. त्यांना क्लास चालेल का? शेडमध्ये घेतील का?

एएमईपीची चाचणी सोमवारी फोन करून ठरवते. वर्किंग बीची तारीख किंडरच्या पत्रात होती, मी ‘आपल्यासाठी नसेल’ म्हणून पान उलटलं होतं. नाव दिलंय. शुभदाताई, तिथे जाताना काही खायला न्यायचं असतं का?

अविनाशदादा, शनिवारी नक्की. वहिनींना सांगा, स्कॅनिंगला मी आहे. पण गाडी नवऱ्याकडे असेल, कुणी वाटेत घेईल का?

स्नेहल


प्रेषक: शुभदा, ग्लेन वेव्हर्ली
शुक्रवार, रात्री ११:१०

सासऱ्यांना एएमईपी मिळणार नाही, व्हिजिटर व्हिसाला ते नाही. लायब्ररीतले संभाषण गट बहुतेक ठिकाणी कुणालाही खुले असतात, जाऊन विचार. शेडचे नियम प्रत्येक शेडचे वेगळे, पण एसटीचा मेकॅनिक म्हटल्यावर विनायकराव स्वतःच घेऊन जातील त्यांना.

खायला ने. तिखट कमी, आणि दाणे-काजू अजिबात नकोत, किंडरात ॲलर्जीची मुलं असतात. हातमोजेही ने, तिथले कधी पुरत नाहीत.


प्रेषक: अविनाश, पॉइंट कुक
शुक्रवार, रात्री ११:१८

गाडीत जागा आहे. आठला सुरू होतं, सव्वासातला तुमच्या घरी येतो. पत्ता यादीवर नको, मला वेगळा पाठवा.