दारात लटकण्याची 'हौस'

सातबावन्न_फास्ट
काल कुणीतरी लिहिलंय, 'मुंब्र्याला पडले ते हौसेने लटकले होते, रेल्वेला कशाला शिव्या?' रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. 9 जून 2025 ला मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर मुंबईच्या दोन लोकल शेजारून गेल्या, दोन्हींच्या दारांतली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. सकाळी कामाला निघालेली माणसं. मी 2016 ला कोपरच्या पुढे असाच पडलोय. डोंबिवलीला मागच्या रेट्याने एक पाय फूटबोर्डवर टेकला, दुसऱ्याला जागाच नव्हती. पुढच्याची सॅक फिरली, दांड्यावरची बोटं सुटली. नंतर आठवते ती खडी, आणि तोंडापाशी पडलेली एक चप्पल. माझी नव्हे. पावसाळ्यात खांदा अजून ठणकतो. हौस म्हणे!

नियमाने_चला
वाईट वाटलं. पण रेल्वे कायद्याचं कलम 156 आहे, फूटबोर्डवर प्रवास हा गुन्हा. चार मिनिटांनी पुढची गाडी असते, ती घ्यावी. 22 वर्षांत मी एकदाही लटकलो नाही.

दिव्याची_वात
22 वर्षं कल्याणहून बसून गेलात तर कशाला लटकाल? दिवा स्टेशनला या एकदा. दारं उघडी असूनही आत शिरता येत नाही, डोंबिवलीचा ग्रुप भिंतीसारखा उभा असतो. वर ऐकवतात, 'दिव्याहून सुटणारी लोकल मागा.' मागतोच आहोत, कधीपासून!

चौथी_सीट
डोंबिवलीकर आधी उलट दिशेच्या, डाऊन गाडीने कल्याणला येतात आणि त्याच गाडीत बसून परत जातात. कल्याणला आम्ही चढेपर्यंत खिडक्या गेलेल्या. रिटर्नवाल्यांवर आधी बोला.

सातबावन्न_फास्ट
मी डोंबिवलीचाच, रिटर्न कधी केला नाही. केला असता तर खांदा शाबूत राहिला असता. विषय अपघाताचा चाललाय, खिडकीचा नाही.

दिव्याची_वात
खिडकीचाच आहे दादा! ज्याला बसायला मिळत नाही तोच दारात येतो. माझा भाऊ रोज येतो.

ट्रिब्युनलचे_खेटे
नियमवाले साहेब, 156 पूर्ण वाचा. कर्मचाऱ्याने बजावल्यावरही जो लटकतो, त्याच्यासाठी आहे ते. आणि 124अ खाली गाडीतून चुकून पडलेल्यालाही भरपाई आहे, मृत्यू झाल्यास 8 लाख. निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून केलेली इजा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून झालंय. माझ्या काकांच्या केसमध्ये प्रवासाचा पुरावा म्हणून पास सापडेपर्यंत वर्ष गेलं, ते वेगळं.

नियमाने_चला
बरं, कायद्यात हरलो, आरती ओवाळा. पण अपघाताच्या दिवशीच रेल्वेने आपोआप बंद होणारी दारं जाहीर केली, तीही नकोत का तुम्हाला?

सातबावन्न_फास्ट
हवीत. पण एसी नसलेल्या डब्यात दारं लावली की मे महिन्यात आतले गुदमरतील. झडपा आणि छतावरून हवा असं म्हणालेत, दोन्ही नीट चालली तर तुमचं म्हणणं मान्य. आणि दार लागणार नाही इतकी गर्दी झाली की गाडी फलाटावरच उभी. एसी लोकलला बघतोच की. मागच्या गाड्या लटकल्या की मग कोण लटकणार?

चौथी_सीट
रिटर्नवाले तरी नाही. ते बसलेले असतात.